अण्णांच्या अर्जावरची माझी सही

श्री. सुभानराव माने, म्हणजे आपणा सर्वांचे अण्णा, साठ वर्षांचे होत आहेत. गौरवसमितीने त्यांचा पट्टशिष्य म्हणून मला लिहायला सांगितले. पट्टशिष्याने काय दिवे लावले आहेत हे समितीला ठाऊक नाही. ते सांगितल्याशिवाय या अंकात पान अडवायचा मला हक्क नाही.

मी पुण्याहून पदवी घेऊन बंगळूरला आलो, तेव्हा चिकपेटेत एका कापडव्यापाऱ्यांच्या दुकानावर माडी चढत होती. मी तिथला इंजिनियर आणि अण्णा ओव्हरसियर. त्यांच्याकडे पदवी नव्हती. माझ्याकडे पदवीखेरीज दुसरे काही नव्हते. मालकांना घाई होती, म्हणून स्लॅबखालचे सेंट्रिंग, म्हणजे लाकडी आधार, मी चौथ्याच दिवशी, स्लॅब पुरता पक्का होण्याआधीच, काढायला फर्मावले. अण्णा स्टूल घेऊन बरोबर स्लॅबखाली जाऊन बसले.

"स्वल्प थांबा, साहेब. हां, बसलो मी. आता सांगा काढायला."

मला घाम फुटला. इतक्यात मालक आले आणि काम का अडले म्हणून विचारू लागले. अण्णा बसल्या जागेवरून म्हणाले, "साहेबांनीच थांबवलंय. दिवस भरल्याशिवाय नको म्हणतात." दिवस भरल्यावर आधार निघाला, तेव्हा अण्णा पुन्हा खालीच उभे होते, आणि त्यांच्या शेजारी मी.

पुढे मला स्वतंत्रपणे काम करायचा परवाना हवा होता. अर्जावर एका जुन्या परवानाधारक इंजिनियरांची शिफारस लागे. परक्या गावात मला ओळखणार कोण? तीन आठवडे मी दारोदार हिंडलो. कॉफी सगळ्यांनी पाजली, सही कोणी केली नाही. शेवटी अण्णांनी मला सायकलवर डबलसीट घेऊन बसवनगुडीतील एका वयोवृद्ध इंजिनियरांकडे नेले. त्या गृहस्थांनी कन्नडमध्ये एवढेच विचारले, की या मुलाच्या कामाचा भरवसा काय? अण्णा म्हणाले, "ह्यांच्या स्लॅबखाली मी स्वतः उभा राहिलोय." त्या गृहस्थांनी लगेच सही केली.

आता माझी करणी.

काही वर्षांनी पदवी नसलेल्या पण अनुभवी माणसांनाही परवाना देण्याची सवलत निघाली. मुदत थोडी होती आणि अट तीच, परवानाधारकाची शिफारस. अण्णा सही करून फॉर्म घेऊन आले. संकोचाने म्हणाले, "दुसऱ्या कुणाकडे गेलो नाही. तुमच्याच हातचं असावं म्हटलं."

मी तो टेबलाच्या खणात ठेवला. आज लिहितो, उद्या लिहितो, असे म्हणत राहिलो. वेळ नव्हता असे नाही. चिकपेटेतील व्यापारी माझ्याकडे येत ते अण्णा माझ्या कामावर असत म्हणून, हे मला पक्के ठाऊक होते. उद्या अण्णांचीच पाटी लागली तर माझी कोण वाचणार? ज्यांनी माझी लाज झाकली त्यांच्या वाटेत मी भीतीपोटी आडवा पडलो. आणि याच दिवसांत जयनगरला माझे घर बांधले जात होते. ते काम मी कोणाला दिले होते? अण्णांनाच. स्वतःच्या घरासाठी मला दुसरे नावही सुचले नव्हते.

मुदत टळली त्या संध्याकाळी अण्णा आले. मी खोटे बोललो, "अण्णा, तो कागद कुठं गेला कळतच नाही हो."

अण्णांनी खणाकडे पाहिले की मला तसे वाटले, कोण जाणे. म्हणाले, "सरी, बरं, असू दे. उद्या तुमच्या घरचा स्लॅब घालायचा आहे. सकाळी लवकर या."

दुसऱ्या दिवशी मी पोचायच्या आधीच ते धोतर खोचून उभे होते. त्या कागदाचे नाव त्यांनी आजतागायत काढलेले नाही. ते रागावले असते तर मला सोपे गेले असते. आजही ते आपले नकाशे इतरांच्या सहीने मंजूर करून घेतात. त्यांतल्या पुष्कळशा सह्या माझ्या आहेत, आणि त्या इमारतींची वाहवा मी मान खाली न घालता ऐकली आहे.

समितीचे पत्र आले त्या दिवशी मी खण उघडला. फॉर्म तिथेच होता, अण्णांच्या सहीची शाई थोडी फिकट झालेली. मी तो भरला. शेवटचा प्रश्न होता, अर्जदाराच्या कामावर आपला विश्वास आहे काय? मी लिहिले, 'माझी मुले त्यांनी घातलेल्या स्लॅबखाली झोपतात.' उशीर माझ्यामुळे झाला असे वेगळे पत्र जोडून काल मी तो कचेरीत नेऊन दिला. कारकून "बघू" म्हणाले. अण्णांना हे विचारलेले नाही; हा अंक हाती पडेल तेव्हाच त्यांना कळेल. त्यांनी मला क्षमा करावी असे म्हणायचा धीर होत नाही.

अण्णांनी धडधाकट राहून शंभरी पाहावी, हे तर सगळेच म्हणतील, मीही मनापासून म्हणतो. पण त्याआधी एक नकाशा त्यांच्या स्वतःच्या सहीने मंजूर व्हावा. त्या इमारतीचे सेंट्रिंग निघेल त्या दिवशी खाली स्टूल टाकून मी बसेन.