बंद दाराआडची क्लॅरिनेट

पिपाणीचं दातवाल्या डॉक्टरीणबाईंशी काहीतरी आहे, असं सगळ्यात आधी कोण म्हणालं, हे आता कुणीच कबूल करणार नाही. माझा संशय दवाखान्याखालच्या लाँड्रीवाल्या वहिनींवर. इस्त्री खाली आणि कान वर ठेवायची कला त्यांच्याइतकी कुणाला साधलेली नाही. पुरावेही त्यांनीच जमवले होते. बायको जाऊन बरीच वर्षं झालेला, पन्नाशी ओलांडलेला हा गडी दर महिन्याला गुळगुळीत दाढी करून जिना चढतो. उतरताना तोंडावर रुमाल. "काय भावजी, खुशीत दिसताय," म्हटलं तर नुसती मान हलवतो. आणि एका दुपारी तर कहरच झाला. दवाखान्याचं दार आतून बंद, आणि आतून क्लॅरिनेटचे सूर. वहिनींची इस्त्री तेवढ्यात कुणाच्या तरी पँटीवर विसावून राहिली. पँटीचं भोक आणि ही बातमी, दोन्ही संध्याकाळपर्यंत घरोघर पोचली.

पिपाणी हे त्याचं नाव नव्हे, हे सांगायला नको. तो नगरपालिकेच्या बँडमध्ये पहिली क्लॅरिनेट वाजवायचा. बागेतल्या गोल मंडपात रविवारी संध्याकाळी बँड वाजायचा, आणि पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर हा डोळे मिटून बसलेला असायचा. बाकीच्या वेळी हा माणूस अगदी मिळमिळीत. भाजीवाल्यालाही त्याच्याशी घासाघीस करायची लाज वाटावी इतका. पण ती काळी नळी ओठांत गेली की खुर्चीतला माणूसच बदलायचा.

आता या बँडची एक रीत सांगितली पाहिजे. फुंकून वाजवणाऱ्याचे समोरचे दात गेले, की त्याच्या हातात झांजा द्यायच्या. नोकरी जात नाही, पगारही जात नाही, फक्त मागच्या रांगेत उभं राहून बँडमास्तरांनी बोट केलं की झण् करायचं. तेव्हाचे झांजवाले दादा एके काळी ट्रंपेट वाजवायचे, आणि लोक त्यासाठी बागेत यायचे म्हणे. आता दादा दोन झणकारांच्या मधल्या वेळात चक्क जांभया द्यायचे. त्यामुळे या बँडमध्ये कुणी कुणाला आपले दात दाखवत नसे. हसायचं तेसुद्धा ओठ मिटून. बाहेरच्यांना वाटायचं, काय शिस्तीची माणसं आहेत.

पिपाणीचे वरचे दोन दात पुढे आलेले होते, आणि खालचे दात गर्दी करून त्यांच्यामागे इतके खोल शिरायचे की प्रत्येक घासाला टाळूला टोचायचे. क्लॅरिनेट वाजवताना वरचे दात माउथपीसवर टेकवतात. वरचा सूर दमात येईना, की पिपाणी माउथपीसच दातांनी आवळायचा. बँडमध्ये याला 'चावून वाजवणं' म्हणतात. वाईट सवय, पण सूर निघतो, म्हणून मास्तर काणाडोळा करायचे.

मग एका तालमीत सूर थरथरला. रीड, म्हणजे माउथपीसवरची वेताची पट्टी, चांगली, हवा चांगली. पिपाणीने जिभेने चाचपलं, तर समोरचा दात हलत होता.

त्याने कुणाला सांगितलं नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून माउथपीसवर चिकटवला. ब्रश केला की बेसिन लाल व्हायचं, म्हणून ब्रश करणंच कमी केलं, आणि त्यामुळे आणखी बिघडलं. पावाची कड समोरच्या दातांनी तोडणं बंद झालं. एका बाजूने चावून चावून कानाजवळ ठणका लागायचा. आणि दर तालमीला नजर आपसूक मागच्या रांगेतल्या झांजांकडे जायची.

शेवटी जिना चढला. डॉक्टरीणबाई त्याच्या लेकीहून थोड्याच मोठ्या. त्यांनी आरसा घालून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, "काका, हे दात स्वतःहून हलत नाहीयेत. तुम्ही रोज हलवताय. काही चावताना, काही वाजवताना."

पिपाणीने विचारलं ते एकच. वाजवता येईल का?

बाईंनी शब्द दिला नाही. आधी हिरड्या साफ करायच्या, सूज उतरवायची. ती उतरली, तरच दातांना तारा लावायच्या, त्याही अगदी हलक्या ओढीच्या. खालचे दात टाळू सोडतील, दातांची गर्दी मोडेल, मग ब्रश सगळीकडे पोचेल आणि हिरडी दाताला धरून राहील. दातांभोवतीचं झिजलेलं हाड परत येईलच असं नाही, पण आहे ते टिकवता येईल. लोकांना वाटतं तारा फोटोत चांगलं दिसायला लावतात, असंही त्या म्हणाल्या. पण चावून वाजवणं सोडावं लागेल. ते सोडलं नाही, तर तारा लावूनही उपयोग नाही.

पिपाणीने महिनोन्महिने हिरड्या सांभाळल्या, मग तारा लावून घेतल्या, आणि बँडमध्ये चकार शब्द काढला नाही. तारा ओठाला घासू नयेत म्हणून त्यांवर मेण दाबून तो तालमीला बसायचा. वरचा सूर आला की हळूच गाळायचा आणि शेजारच्या दुसऱ्या क्लॅरिनेटच्या आवाजात लपायचा. हे किती दिवस खपणार? नव्या हंगामाआधी मास्तरांनी जाहीर केलं, की पहिल्या रांगेतल्या प्रत्येकाने एकट्याने वाजवून दाखवायचं. बोलताना ते सगळ्यांकडे पाहत होते, असं मास्तरांचं म्हणणं. सगळे मात्र पिपाणीकडे पाहत होते.

त्याच आठवड्यात लेक माहेरी येऊन धडकली. तिच्या सासूबाईंनी जेवताना अगदी सहज विचारलं होतं, की व्याही नवीन संसार मांडताहेत म्हणे, आम्हाला बोलावणं आहे ना? लेक चप्पल न काढताच आत आली.

"बाबा, ती बाई कोण आहे?"

पिपाणीने तोंडावर रुमाल धरला.

"लग्न करायचं तर करा, मी अडवत नाही. पण मला लोकांकडून का कळावं?"

त्याने खिडकीजवळ जाऊन तोंड उघडलं. लेकीने वाकून पाहिलं. तारा, मेणाचे गोळे, आणि टाळूवर खालच्या दातांनी पाडलेल्या जुन्या खुणा. तिने चप्पल काढली. मग म्हणाली, "हे लपवलंत? याच्यापेक्षा लफडं बरं होतं."

मग दोघांनी मिळून चहा केला. पिपाणीने तालमीचं, झांजांचं, सगळं सांगितलं. लेक म्हणाली, मास्तरांना आधीच सांगून टाका. तो म्हणाला, सांगितलं की झांजा.

परीक्षेच्या दिवशी तालमीच्या खोलीत खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या. मास्तर हातावर हात ठेवून बसले. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याने आपली नळी पुसून पुसून चकचकीत केली होती, जणू तीच आज पहिल्या खुर्चीवर बसणार. पिपाणी उभा राहिला.

सुरुवात छान झाली. खालचे सूर जाड, गोल. मधे कुठेतरी मेण सुटलं आणि तार ओठाच्या आत लागली. त्याच्या तोंडात रक्ताची चव आली, पण त्याने फुंक तोडली नाही. पुढे ती जागा येत होती, जिथे सूर वर चढून तिथेच थांबायचा होता. जबडा आपोआप आवळायला लागला. इतक्या वर्षांची सवय, ती काय विचारून येते? नुसता चावला असता तर सूर हमखास लागला असता. दाताचं काय व्हायचं ते नंतर झालं असतं.

त्याने जबडा सैल सोडला.

सूर फाटला. नीट फाटला, म्हणजे शेवटच्या खुर्चीलाही कळावं असा. दुसऱ्या क्लॅरिनेटवाल्याने छताकडे पाहिलं. पिपाणी थांबला, श्वास घेतला आणि नुसत्या हवेच्या जोरावर तोच सूर पुन्हा धरला. बारीक होता, कापत होता, पण टिकला. मग त्याने क्लॅरिनेट खाली घेतली आणि त्या खोलीत कुणी कधी केलं नव्हतं ते केलं. ओठ मागे ओढून सगळ्यांना दात दाखवले.

"मास्तर, मी चावणं सोडलंय. म्हणून असं वाजतंय. दात राहिले तर पुन्हा चांगलं वाजेल."

झांजवाले दादा मागून पुढे आले, पिपाणीची हनुवटी धरून आत डोकावले आणि म्हणाले, "माझ्या वेळेला हे कुणी सांगितलं नाही रे."

मास्तरांनी निकाल दिला. तारा निघेपर्यंत पिपाणी दुसऱ्या खुर्चीवर. झांजा नाहीत. पहिली खुर्ची परत द्यायची की नाही, ते पुढच्या हंगामात ऐकून ठरवू.

त्यानंतरची गंमत लाँड्रीवाल्या वहिनींनी डोळ्यांनी पाहिली. ट्रॉम्बोनवाला जिना चढला, मग सॅक्सोफोनवाला, मग खुद्द मास्तर, तेही टोपी कपाळावर ओढून. या बाईंना अख्खा बँड लागतो की काय, अशी चर्चा चांगली रंगली होती.

तारा निघाल्यावर पिपाणी दोन्ही बाजूंनी चावून जेवू लागला, बेसिन लाल होईना, कानाजवळचा ठणका गेला. हललेला दात जागेवर आहे. पुढच्या हंगामात मास्तरांनी ऐकलं आणि कडेची खुर्ची त्याला परत दिली.

वहिनींनी त्या दुपारी जे ऐकलं, ते खरंच पिपाणीचं वाजवणं होतं. फुंकताना समोरचा दात किती हलतो, हे बाई बोट लावून पाहत होत्या. दार बंद होतं, कारण बाहेर पेशंट बसले होते.