बोटं न काढता ठेवलेली शिळा

त्या मुखवटेवाल्या पहिलवानाच्या सिनेमाचा दुसरा भाग भिकार होता, हे माझं मत आजही कायम आहे. पहिला भाग मी घोडेगावच्या बाजारातल्या तंबूत तीनदा पाहिला होता. त्यात तो एका हातानं भरलेली बैलगाडी उचलायचा आणि मला ते खरं वाटायचं. दुसरा भाग आला तेव्हा दुष्काळ होता. थोरली बहीण आणि मी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. सुट्टीच्या दिवशी मी हट्टानं तिलाही सिनेमाला नेलं.

पहिलवानानं खोलीएवढी शिळा डोक्यावर उचलली, चार पावलं चालला आणि खाली ठेवली. तंबूत एक शिट्टी वाजली नाही. बसलेले सगळे आमच्यासारखेच, दिवसभर दगड उचलणारे.

बहीण हळूच म्हणाली, "खोटा दगड हाय. ठेवताना त्यानं बोटं काढलीच न्हाईत."

"गप बस," मी खेकसलो.

ती पुन्हा पडद्याकडं बघू लागली. पदराखाली झाकलेल्या तिच्या उजव्या हाताला तीनच बोटं होती. महिन्यापूर्वी कामावर ज्या दगडाखाली बाकीची दोन गेली, त्याचं दुसरं टोक माझ्या हातात होतं आणि ते मी आधी सोडलं होतं.