सांजवाल्या माश्या आणि दंडारीचा बल्ब

सकाळवाल्या माश्यांनी असहकार पुकारला होता. काचेच्या नळीत त्या नुसत्या बसून होत्या. शेजारच्या नळीतल्या सांजवाल्याही तशाच. संध्याकाळी पुन्हा मोजलं. दोन्हींत काही फरकच उरला नव्हता, आणि तोच फरक बघायला पुढच्या आठवड्यात नागपूरहून माझे गाइड येणार होते.

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. तुमसरकडच्या एका कॉलेजात मी झूलॉजी शिकवत होते आणि सोबत पीएच.डी. करत होते. पिकलेल्या केळ्यांवर जी चिलटं जमतात, त्या फळमाश्या माझा विषय. सासरी सगळे हसायचे. या माश्या सकाळी आणि दिवस मावळताना जास्त फिरतात. पण काहींना सकाळ जास्त मानवते, काहींना संध्याकाळ. हा स्वभाव आईबापांकडून येतो का, ते मला शोधायचं होतं. म्हणून दर पिढीत सकाळी जास्त फिरणाऱ्या माश्या निवडायच्या आणि त्यांचीच आपसात वीण करायची. संध्याकाळच्यांचा संसार वेगळ्या बाटल्यांत. अशा वाढवलेल्या घराण्याला आम्ही लाइन म्हणतो. नळीच्या मध्यावर एक रेघ असते. ठरावीक वेळात ती किती माश्या ओलांडतात ते मोजायचं. बस, एवढंच यंत्र.

ऑफिसातून नागपूरला गाइडसरांना ट्रंक कॉल लावला.

"मिसळल्या," सर म्हणाले. "बाटल्या बदलताना इकडची माशी तिकडे गेली असणार."

"नाही सर. मी स्वतः बदलते."

"सगळ्यांना असंच वाटतं, बाई. मिसळल्या असतील तर पहिल्यापासून सुरू करा."

पहिल्यापासून? माझ्या रजिस्ट्रेशनची मुदत एकदा वाढवून झाली होती. पुन्हा वाढणार नव्हती. म्हणजे पीएच.डी. गेलीच. मला रडू येत होतं, आणि हेडक्लार्क टक लावून बघत होता, म्हणून मी त्याच्यावरच उगाच खेकसले.

लॅबमध्ये येऊन एकेक बाटली तपासली. कापसाचे बोळे घट्ट होते. मक्याच्या पिठाचं आणि गुळाचं खाणं नेहमीचंच होतं. कुठे फट नाही, बुरशी नाही. शेवटी वैतागून खिडकीशी गेले, तर चौकटीवर हिरव्या तुडतुड्यांचा खच पडलेला. धानावरचे हे किडे. माझं माहेर शहापूरचं, घरची धानाची शेती. दिवाळीच्या दिवसांत हे तुडतुडे दिव्यावर झेप घेऊन कसे मरून पडतात, ते मी लहानपणापासून बघितलेलं. पण इथे तर मी मोजणी आटोपून रोज कुलूप लावून जायचे. इथे दिवा कुठला?

मान बाहेर काढून वर पाहिलं. खिडकीच्या डोक्यावर खिळ्याला भलामोठा बल्ब टांगलेला. त्याची वायर झरोक्यातून आत माझ्याच लॅबच्या स्विचबोर्डावर आलेली.

आमचे लॅब अटेंडंट किसनभाऊ समोरच उभे होते.

"किसनभाऊ, हा लाइट काहून लावला?"

"दंडारीची तालीम चालू हाये ना मॅडम, मागच्या मैदानात. मंडई तोंडावर आली."

दंडार म्हणजे आमच्याकडचं रात्रभराचं लोकनाट्य. दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरते, आणि दंडारीशिवाय मंडई कसली! किसनभाऊ त्यात राणी व्हायचे.

"आणि मले सांगितलं काहून नाही?"

"लाइट तं बाहेर होता. तुमच्या बाटल्याईले मी हात भी नाही लावला!"

खरंच नव्हता लावला. पण माशीच्या अंगातलं घड्याळ उजेडावर लागतं. माझी खिडकी मी मुद्दाम उघडी ठेवायचे, कारण ठरल्या वेळी लागणारे-विझणारे दिवे परवडत नव्हते आणि सूर्य फुकट होता. आता या पिढीने जन्मापासून धड रात्रच पाहिली नव्हती. तिला सकाळ काय आणि सांज काय! मग एक आशा वाटली. कदाचित स्वभाव शाबूत असेल, नुसतं घड्याळ बिघडलं असेल. तसं असेल तर अंधार मिळाल्यावर फरक परत येईल. लाइनी मिसळल्या असतील तर नाही येणार.

"हा बल्ब आजच काढा," मी म्हटलं.

"मंग आमची दंडार बुडवता का मॅडम?"

"फिजिक्सवाल्याईच्या बोर्डावरून वायर घ्या. त्याईच्या लॅबमंदी जितं काहीच नसते."

बल्ब इमारतीच्या पलीकडे गेला. मी मात्र सर येईपर्यंत नळ्यांना हात लावला नाही. उत्तर बघायची हिंमतच होत नव्हती.

सर पहाटे रेस्टहाउसवरून आले. लाल बल्ब लावून बसले, कारण लाल उजेड माश्यांना जवळजवळ दिसत नाही. बाहेर उजाडू लागलं. सकाळवाल्या सुटल्या त्या रेघ ओलांडतच राहिल्या. सांजवाल्या ढिम्म. सर आकडे टिपत राहिले. संध्याकाळी पुन्हा बसले. आता सांजवाल्यांनी नळी दणाणून सोडली.

"आहे," सर म्हणाले. "फरक आहे. आणि बाई, घड्याळ बिघडूनही स्वभाव टिकला, हे तर जास्तच चांगलं झालं. थिसिसमध्ये घाला."

माझा जीव भांड्यात पडला. सरांच्या देखतच मी खुर्चीत बसून रडले, आणि मला त्याची लाज वाटली नाही.

थिसिसमध्ये त्या प्रकरणाला मी 'रात्रीच्या कृत्रिम प्रकाशाचा परिणाम' असं भारदस्त नाव दिलं. किसनभाऊंना ते पान वाचून दाखवलं, तर ते नाराज. "दंडारीचं नाव काहून नाही टाकलं?"

पुढे नोकरीभर विद्यार्थ्यांना एवढंच सांगत आले: प्रयोग फसला की माशीच्या खानदानावर संशय घेऊ नका. आधी खिडकीबाहेर डोकं काढून बघा.