गोटूदादाची पदवी

गोटूदादाचा खिसा कधी रिकामा नसायचा, आणि त्यात कधी कामाची वस्तूही नसायची. दगड असायचे. रस्त्यावरचे, नाल्यातले, कोणाच्या तरी बांधकामावरून उचललेले. कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी काकू सगळे खिसे उलटे करून घ्यायच्या. एकदा विसरल्या, तर मशीनमधून असा आवाज आला की शेजारच्या आंटी ओले हात पुसत धावत आल्या. शाळेतलं त्याचं नाव वेगळं होतं, पण काकांनी एकदा चिडून "आला पाहा गोटू" म्हटलं आणि तेच नाव चिकटलं. आमच्याकडे दगडाला गोटा म्हणतात.

तो माझा चुलत भाऊ, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा. आमची दोन्ही घरं रायपूरला एकाच गल्लीत. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी अमरावतीकडून इथे आले आणि इथलेच झाले. काका सरकारी कचेरीत होते, शिस्तीचे, कमी बोलणारे. ते मराठीत रागवायचे आणि गोटूदादा हिंदीत उत्तर द्यायचा, म्हणजे त्यांचं भांडणसुद्धा कधी एका भाषेत झालं नाही.

काकांच्या जुन्या घरात इथल्याच खाणीतल्या दगडाची, राखाडी-जांभळी फर्शी होती. गोटूदादा त्यावर तांब्याभर पाणी ओतायचा आणि मला खाली बसवायचा. ओल्या दगडात एकात एक गोल वळणं उमटायची, कांदा कापल्यासारखी. कोट्यवधी वर्षांपूर्वी इथे उथळ समुद्र होता, त्यातल्या शेवाळासारख्या जीवांनी हे थर रचले, असं तो सांगायचा. "आपण रोज समुद्रावर बसून जेवून राहिलो, अन् घरात कोणाले पत्ताच नाही!" हे सांगताना तो एवढा खूश असायचा, की तो समुद्र जणू त्यानेच सांडला होता. काकू मात्र ओरडायच्या, "पुसून घे आधी. कोणी घसरलं म्हणजे?"

बारावीनंतर त्याला भूगर्भशास्त्रच शिकायचं होतं. "गोटे पाहून पोट भरते काय?" काका म्हणाले. पण काकूंनी लावून धरलं आणि शेवटी नवा रायपूरच्या रस्त्यावरच्या एका खासगी विद्यापीठात नाव घातलं. काचेच्या इमारती, कारंजं, गेटवर सलाम ठोकणारा गार्ड. पहिल्या दिवशी गोटूदादा इस्त्रीचा शर्ट घालून गेला, आणि खिसे रिकामे ठेवून गेला. तिथले दगड आणायला जागा हवी, म्हणाला.

तिथे दगड होते. काचेच्या कपाटात, चिठ्ठ्या लावून, कुलूपबंद. किल्ली नोकरी सोडून गेलेल्या कुठल्याशा सरांकडे राहिली होती. वर्गात सर पडद्यावरचं वाचून दाखवायचे आणि मुलं त्याचे फोटो काढायची. क्षेत्रभेट म्हणून त्यांना एका वॉटर पार्कला नेलं, बॅनर धरून फोटो काढला आणि परत आणलं. गोटूदादाने काही विचारलं की उत्तर ठरलेलं असायचं, "एक्झाम में नहीं आएगा, बैठ जाओ." संध्याकाळी मी घराच्या फाटकापाशी विचारायची, "कसं झालं कॉलेज?" तो चप्पल काढत म्हणायचा, "बैठ गया." सुरुवातीला आम्ही यावर खूप हसायचो. दुसऱ्या वर्षी तो हसेनासा झाला. दुपारी घरी येऊन भिंतीकडे तोंड करून झोपायचा. काकू खिसे उलटे करायच्या, त्यातून बसचं तिकीट निघायचं, बाकी काही नाही. एकदा त्या माझ्या आईला म्हणाल्या, "पोट्टा घरात आहे, पण मले दिसून नाही राहिला."

मग कधीतरी तो तेलीबांध्याच्या तलावाकाठी फिरायला जाऊ लागला. कानात वायर, ओठांत पुटपुट. फिरायला येणाऱ्या बायकांना वाटायचं, मुलगा स्तोत्र म्हणतो. तो जर्मन शिकत होता. कोणाला न सांगता त्याने परीक्षा दिल्या आणि जर्मनीतल्या एका विद्यापीठाकडून प्रवेशही मिळवला. तिसरं वर्ष अर्धं झालं असताना, एका रविवारी जेवताना त्याने सांगितलं.

"मी कॉलेज सोडून राहिलो. जर्मनीले जातो. डिग्री तिथं पूर्ण करतो."

काकांचा घास हातातच राहिला. "सहा महिने राहिले डिग्रीले. काहून सोडतो?"

"डिग्री भेटेल बाबा. मले काही येत नाही पण."

"इथली तीन वर्षं धरतील ते?"

"एक धरतील."

"म्हणजे दोन वर्षं पाण्यात."

"पाण्यात तर मी आताच आहो," गोटूदादा म्हणाला. तो बापाशी पहिल्यांदाच सगळं मराठीत बोलत होता.

काका ताटावरून उठले. त्यानंतर ते त्याच्याशी बोलले नाहीत. जे सांगायचं ते काकूंमार्फत, "त्याले सांग, पासपोर्ट वरच्या कप्प्यात ठेवलाय." खर्चाची सोय माझ्या बाबांनी आणि त्याच्या मामांनी केली. निघायच्या दिवशी गोटूदादा पाया पडला, तेव्हा काका पेपरात पाहत म्हणाले, "ट्रॅफिक लागेल. निघा." विमानतळावर आम्ही सगळे गेलो, ते नाही आले. गाडी गल्लीतून वळली तेव्हा मी मागे पाहिलं. काका पेपर हातात घेऊन फाटकाबाहेर उभे होते.

तिथे जाऊन गोटूदादा पुन्हा बोलायला लागला. रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल व्हायचा. काकू फोन समोर धरून बसायच्या, आणि काका त्याच खोलीत, पण चित्रात येणार नाहीत असे, खिडकीजवळच्या खुर्चीवर. गोटूदादाला हे ठाऊक होतं. म्हणून तो आईशी अशा गोष्टी बोलायचा ज्यांत तिला काडीचा रस नव्हता: डोंगर कसा वळला, थर कसे मोजतात, प्रोफेसरबाई हातोडी घेऊन मुलांच्या पुढे डोंगर कशा चढतात. आणि चांगलं मोठ्याने बोलायचा. काकू "हव, हव" करत राहायच्या. खिडकीजवळ पेपरचं पान उलटायचा आवाज थांबलेला असायचा. एकदा फोन ठेवल्यावर काका म्हणाले, "आवाज खुलला त्याचा." एवढंच. काकूंनी हे त्याला पुढच्या रविवारी सांगितलं, तेव्हा त्याने तो डोंगर पुन्हा पहिल्यापासून सांगितला.

शेवटचा प्रबंध देऊन झाला आणि त्याने महिनाभरासाठी घरी येणार असल्याचं कळवलं. काकू आणि मी पंडरीच्या कापडबाजारात त्याच्यासाठी कुर्त्याचं कापड घ्यायला गेलो होतो. दुकानदाराने गादीवर तागे उलगडले होते, काकू दोन रंगांत अडकल्या होत्या, आणि माझा फोन वाजला. गोटूदादाच्या तिथल्या मित्राचा होता. गोटूदादा सायकलवर होता, वळणावर ट्रक आला, जागीच गेला, असं तो मित्र सांगत होता. मला शब्द कळत होते आणि काकू विचारत होत्या, "हा निळा घेऊ का गं?"

मी त्यांना दुकानात सांगू शकले नाही. रिक्षात सांगितलं.

त्याला घरी आणलं, सगळं केलं. काका पेपर घेऊन खिडकीजवळच्या खुर्चीवर बसून राहायचे. दोनेक महिन्यांनी त्याच्या प्रोफेसरबाईंनी कळवलं: प्रबंध उत्तम ठरला आहे, पदवी मिळाली आहे, समारंभाला घरच्यांनी यावं. मला वाटलं, काका ऐकूनही घेणार नाहीत. ते म्हणाले, "पासपोर्ट किती दिवसांत निघते?"

काकू म्हणाल्या, "तुम्ही जा. माझा पोरगा नाही तिथं."

बाईंशी इंग्रजीत बोलायला, दुभाषी म्हणून मी गेले. समारंभ साधाच होता. गोटूदादाचं नाव पुकारलं, शाळेतलं खरं नाव, आणि काका उठले. कचेरीत घालायचा कोट, नवे बूट. ते पुढे गेले, दोन्ही हातांनी कागद घेतला आणि प्रोफेसरबाईंना नमस्कार केला. सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. लोक कशासाठी उभे राहिले ते काकांना कळलं नाही. त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं, काही चुकलं का, असं.

दुसऱ्या दिवशी बाई आम्हाला गोटूदादाने जिथे काम केलं त्या डोंगरावर घेऊन गेल्या. काकांनी एकेक गोष्ट विचारली. हा थर कोणता? त्याने काय शोधलं? बरोबर निघालं का ते? मी इकडचं तिकडे करत होते. मध्येच बाई डोळे पुसायला थांबल्या, तर काका मला म्हणाले, "थांबू नका म्हण त्यांना. मले पूर्ण ऐकायचं आहे."

घरी परतल्यावर हातपाय धुऊन ते स्वयंपाकघरातच बसले आणि बोलू लागले. माझ्या आयुष्यात मी काकांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. डोंगर, हातोडी, टाळ्या, सगळं. काकू पोळ्या लाटत होत्या. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्याची खोली पाहिली? ऊन येत होतं का तिथं?"

खोलीच्या दारापर्यंत जाऊन काका बाहेरच थांबले होते, आत मी एकटीच गेले होते. आता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"येत होतं, काकू," मी म्हटलं. "थेट पलंगावर."

खरंच येत होतं. काकूंनी मान हलवली आणि पुढची पोळी तव्यावर टाकली.