ब्रेकसाठी ढोल

माझ्या भाच्याला लग्नाला घोड्यावरून जायचं नव्हतं. घोडा चावतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून त्याने मानपाड्याच्या एका गॅरेजवाल्याकडून रणगाडा भाड्याने आणला. गॅरेजवाला काडीसारखा माणूस, सारखा सांगत होता, "रणगाडा नाही हो, चिलखती गाडी. टायर आहेत ना हिला!" लष्करातून निवृत्त झालेलं, बंदूक काढून घेतलेलं आणि एरवी सिनेमाच्या शूटिंगला जाणारं ते हिरवं धूड पाहून मला इतका आनंद झाला, की मी नऊवारीत शिट्टी मारली.

हॉल उताराच्या तळाशी. वरात वरच्या टोकाला पोचली आणि गॅरेजवाल्याने हँडब्रेक ओढला, उडी मारून चाकाखाली दगड लावला.

"ब्रेकचं पेडल पार तळाला जातंय. अशी सोडली तर थेट मांडवात, आणि मांडवातून मागच्या भिंतीबाहेर."

मुहूर्त तोंडावर आलेला. तेवढ्यात फोनवर नवरी कडाडली, "रणगाड्यातून ये नाहीतर रिक्षातून ये. मुहूर्त चुकला तर मी पंगतीला बसले म्हणून समज!"

दादा, म्हणजे माझा भाऊ, भाच्याचा बाप, म्हणाला, "चालत जाऊ या ना."

"बाबा, सगळ्या मित्रांना सांगितलंय मी!"

मागच्या चाकाजवळ ब्रेकच्या तेलाचा पाइप गळत होता. गॅरेजवाल्याने जोड आवळला, तेल भरलं. "आता पाइपात शिरलेली हवा काढायची. कोणीतरी आत बसून पेडल दाबून धरा, मी खालून स्क्रू सैल करतो. मी सांगेपर्यंत पाय उचलायचा नाही. उचललात की हवा परत आत."

ड्रायव्हरच्या डोक्यावरचं झाकण जेवणाच्या ताटाएवढं. वऱ्हाडातले पुरुष एकेक करून आत उतरायला गेले आणि पोटाशी अडकले. दादाला तर बुचासारखा उपटून काढावा लागला. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"आत्या, तूच गं!"

मी पदर खोचला आणि आत.

आत काही ऐकू येईना. चिलखतच ते! म्हणून ठरलं, पान्याचा एक ठोका म्हणजे दाब, दोन म्हणजे सोड. मी दाबलं मात्र, बेंजोवाल्यांनी नेमकं नाचाचं गाणं धरलं. पान्याचे ठोके कुठले आणि ढोलाचे कुठले! माझा पाय सरळ तालावर नाचायला लागला.

झाकणात दादाचं डोकं उगवलं. "अगं, तो खाली रडतोय! जेवढी हवा काढतोय तेवढी तू परत भरतेयस!"

"मग तो बेंजो बंद कर!"

"मी सांगितलं. पोरं माझ्याच अंगावर आली."

मी त्याला बाजूला सारून डोकं वर काढलं. "ढोलवाले भाऊ! तुम्हीच द्या ठोके. गॅरेजवाल्याने खालून पान्याने खूण केली की एक, परत केली की दोन!"

ढोलवाला बहुधा आयुष्यात पहिल्यांदाच ब्रेकसाठी वाजवत असावा. धाड! वऱ्हाड ओरडलं, "दाब!" धाड-धाड! "सोड!" पोरांनी त्यावरही नाच बसवला. दाब म्हटलं की खाली बसायचं, सोड म्हटलं की उडी. असं करत करत तेलातले बुडबुडे संपले आणि माझ्या पायाखाली पेडल दगडासारखं घट्ट झालं.

मी शेजारच्या सीटवर सरकले, गॅरेजवाला चालवायला बसला, भाचा वरच्या झाकणातून छातीपर्यंत बाहेर. ब्रेक लागल्याचा गॅरेजवाल्याला एवढा हर्ष झालेला, की तो उतारभर उगाचच दाबत होता. दर वेळी भाचा कमरेत वाकायचा आणि रस्त्यावरचे लोक त्याला उलट नमस्कार करायचे. एका वाकण्यात त्याचा फेटा माझ्या मांडीवर पडला. सीट धरून बसायला दोन्ही हात लागत होते, म्हणून मी तो डोक्यावर ठेवला.

हॉलच्या दारात गाडी अशी थांबली, की वा! मी माझ्या बाजूचं झाकण उघडून तोंड बाहेर काढलं. समोर नवरीची आई तबक घेऊन. तिने फेटा पाहिला आणि घाईघाईत मला कुंकू लावलं, ओवाळलं, तोंडात पेढा कोंबला.

भाचा वरून ओरडला, "अहो आई, नवरा मी आहे!"

"मग वर काय करताय? उतरा! भटजी घड्याळ बघतायत!"

तो बोडक्यानेच उडी मारून मांडवात पळाला. अंतरपाट धरलेलाच होता. मुहूर्त गाठला पठ्ठ्याने! त्याच्यामागे सगळं वऱ्हाड पळालं, गॅरेजवालासुद्धा. मला वर ओढून काढायला कोणी राहिलं नाही, आणि पेढा तोंडात असल्यामुळे मला ओरडताही येईना.