महादेवभाऊचा रिकामा पाट

महादेवभाऊ गेला ते मला अकोल्यात कळलं. जुन्या शहरातल्या आमच्या घरी मी मेथी निवडत बसले होते. सुनेनं फोन कानाला लावून दिला आणि अंजनगावहून वसंता, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, गणपतदादाचा मुलगा, म्हणाला, "आत्या, काका गेले. चहा मागतला, अन् चहा येईपर्यंत..." नव्वदी ओलांडलेला माणूस, जाणारच होता. पण भाऊ कितीही म्हातारा झाला तरी बहिणीला वाटतंच, अजून एक दिवाळी निघाली असती.

रडायचं ते रडून झालं, त्यासाठी मी लिहायला बसलेली नाही. बसले ते दहाव्याला जे पाहिलं त्यामुळं. अंजनगावच्या घरात माणसं बसली होती. एक कडक इस्त्रीचा गडी आला. फोटोला हात जोडले, चहा घेतला, आणि बशी खाली ठेवता ठेवता वसंताला हळूच म्हणाला, "बाबाजीचं नाव यादीतून एवढ्यात कापू नोका भाऊ. निवडणूक तोंडावर आली. त्यायचं आमी पाहून घेऊ." वसंतानं मान डोलावली. कोणाला काही वाटलं नाही, शेजारी बसलेला माणूस तर बिस्कीट बुडवून खात राहिला. मी हातातला चहा तसाच खाली ठेवला. मेलेल्या माणसाचं मत मागायला आला होता तो, आणि तेही कोणाच्या घरी? त्याला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारी आता मी एकटीच उरले, म्हणून सांगते.

आमचं घर माळ्याचं. झेंडू, शेवंती, वांगी, थोडी संत्र्याची झाडं. महादेवभाऊच्या हाताला गुण होता, त्यानं काडी खोचली की फुटलीच. म्हणून अमरावतीला कॅम्पातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर तो माळी म्हणून लागला. साहेबाची नोकरी संपली तेव्हा त्यानं आफ्रिकेत कॉफीची जमीन घेतली, आणि बायको, कुत्री, कपाटं नेली तसा आमच्या भावालाही नेला. भाऊचं तेव्हा लग्नही झालेलं नव्हतं. नैरोबीहून त्याची पत्रं यायची. तिथं लाल माती आहे, थंडी आहे, आणि पिकल्या केसांच्या माणसालाही 'बॉय' म्हणतात, असं त्यात असायचं.

परदेशी गेलेल्या माणसासाठी आमच्याकडं एक रीत होती. घरातलं काही करायचं झालं की त्याच्या नावाची सुपारी मांडायची. देवघरात तांदळावर भाऊची सुपारी असायची. भाऊबीजेला पाटावर ती ठेवून मी तिलाच ओवाळायची. लग्नात त्याच्या वाटच्या अक्षता गणपतदादा टाकायचा, श्राद्धाला त्याच्या वाटचं पाणी गणपतदादाच सोडायचा. कुंकू लावून लावून ती सुपारी डाळिंबाच्या दाण्यासारखी लाल झाली होती. दादा कर्ता माणूस. नसलेल्या भावाचं सगळं आपण करायचं, यात त्याला चूक दिसत नव्हती, आणि तोवर चूक नव्हतीही.

मग ती पहिली निवडणूक आली. नागपूरच्या राज्यात होतो आपण, म्हातारी माणसं अजून सीपी-बेरारच म्हणायची. नावं लिहायला माणसं दारोदार फिरली तेव्हा भाऊनं दादाला मुद्दाम पत्र पाठवलं होतं, माझं नाव घाला, मी येतो. खरंच यायला निघालासुद्धा. आता तुम्ही म्हणाल, एका मतासाठी आफ्रिकेहून कोण येतं? मीही त्याला पुढं विचारलं होतं. तो म्हणाला, "साहेब तिकडे मत टाकाले जाये तं मी बाहेर मोटारीपाशी कुत्र्याचा पट्टा धरून उभा राहो. एक डाव इचारलं, साहेब, आमचा नंबर कवा? थो हसला, अन् कुत्रंबी माह्याकडे पाहाले लागलं. तवाच ठरवलं, आपल्या गावात जाऊन एक डाव तरी टाकीन." 

बोटीला उशीर झाला. मतदानाचा दिवस उजाडला तरी भाऊचा पत्ता नव्हता. मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आले होते, मला मत नव्हतंच, एकवीस पुरी व्हायची होती. घरात मात्र लग्नघाई. अमरावतीच्या एका बड्या माणसाची मोटार दारात उभी होती आणि दादानं त्याला सांगून ठेवलं होतं, आमच्या घरची सारी मतं तुमची. पैसा घेतला नाही त्यानं, खोटं कशाला बोलू. मोटार आपल्या दारात थांबते, एवढ्यानंच त्याची छाती फुगली होती. आमचा झेंडूही त्या दिवशी सगळा खपला, कारण बाया पडद्यामागं जाऊन त्या मताच्या डब्यांना फूल वाहून, हात जोडून येत होत्या.

दुपारी मूर्तिजापूरकडून येणाऱ्या छोट्या गाडीनं भाऊ उतरला. घरी आलाच नाही, ट्रंक ठेशनावर ठेवून, धुरानं काळवंडलेल्या तोंडानं थेट शाळेत गेला. तिथल्या मास्तरानं यादी पाहिली, म्हणाला, तुमचं मत पडलं. भाऊ म्हणाला, मी तर आत्ता उतरून राहिलो. मास्तर परगावचा, त्याला काय माहीत. पण दोन्ही पक्षांची माणसं तिथं बसली होती, ती गावचीच होती. सकाळी भाऊच्या नावानं कोण आलं ते दोघांनीही पाहिलं होतं. एकानं चप्पल चाचपली, दुसरा सुपारी कातरत राहिला... दोघांकडंही असे उधारीचे मतदार होते, बोलणार कोण? शेवटी मास्तर म्हणाला, तुम्हाला वेगळी चिठ्ठी देता येते, ती पाकिटात ठेवतात. भाऊनं विचारलं, "मोजतेत का ते?" मास्तर म्हणाला, नाही. "मग लोणचं घालता का तिचं?" म्हणून भाऊ उठला.

अंगणात दादा रिकाम्या टोपल्या धूत होता. मी लेकराला घेऊन उंबऱ्यात बसले होते. इतक्या वर्षांनी भाऊ दिसला, मी उठणार, तर त्यानं माझ्याकडं पाहिलंही नाही.

"दादा, माह्या नावानं मत कोनं टाकलं?"

"दामूनं." दामू म्हणजे आमचा चुलतभाऊ. दादा टोपली झटकत म्हणाला, "आला का तू? हातपाय धू पयले."

"मी येऊन राहिलो म्हनून कळवलं होतं."

"बोटीचा काय भरोसा बावा. मत काय वाया जाऊ द्याचं होतं? तू नसतं तं तुह्या नावाची सुपारी ठेवतोच ना आमी? अक्षता टाकतो, पानी सोडतो. तसंच थे."

"कोनाले टाकलं?"

"घरची सारी जिकडे गेली तिकडे."

"माहं तिकडे जाचं नोतं."

दादा हसला. त्यात राग नव्हता, खोट नव्हती, तेच वाईट. म्हणाला, "आफ्रिकेत राहून तुले काय समजते रे इथलं?"

भाऊनं चपला काढल्या, देवघरात गेला आणि ती लाल सुपारी उचलून आणली. आई ओरडली, "अरे, देवातली हाये थे." त्यानं खिशातून अडकित्ता काढला, कचकन दोन फाका केल्या, कुंकवासकट तोंडात टाकल्या, चावल्या, आणि अंगणात दादाच्या टोपलीशेजारी थुंकल्या. लालेलाल. आईला वाटलं रक्तच आलं. मग माझ्याकडं वळून अगदी हळू म्हणाला, "शेवंते, मी नसीन तं पाट रिकामाच ठेवजो. माह्या जागेवर काई नोको ठेवू." मग लेकराला घेतलं माझ्याकडून.

परतीचं तिकीट होतं त्याच्याकडं. गेला नाही. मी म्हटलं, साहेब वाट पाहील. तर म्हणे, "पाहू दे. मी गेलो का हे पुन्हा सुपारी मांडतीन." लोक हसले त्याला, मतासाठी परदेश सोडला म्हणून. दादाशी त्यानं वैर धरलं नाही, शेवटी खांदाही दिला. पण पुढच्या प्रत्येक मतदानाला दार उघडायच्या आधी हा शाळेपुढं उभा. पुढं पाठीचा बाक आला तरी काठी टेकत पहिला. बोटाची शाई पुसू द्यायचा नाही, आंघोळीत ते बोट वर धरायचा. मत कोणाला दिलं ते मला कधी सांगितलं नाही, पुढं लग्न केलं त्या वहिनीलाही नाही. वसंताचा मुलगा परदेशात गेला आणि फोनवर म्हणाला, आबा, माझं मत तुम्हीच कोणाकडून टाकून घ्या, तेव्हा भाऊनं एवढंच विचारलं, "तुहं जेवन कोन जेवते रे तिकडे?" आणि फोन ठेवून दिला.

अशा माणसाच्या दहाव्याला तो इस्त्रीवाला म्हणतो, आमी पाहून घेऊ! आणि आमच्याच घरातला पोरगा मान डोलावतो. इतक्या वर्षांत दादाच्या दारची मोटार जाऊन याची मोटार आली, दुसरं काय बदललं? दादा निदान कुंकू लावून लुबाडत होता, हे तर मेलेल्याच्या खिशात हात घालतात, आणि हातात चहाची बशी असताना. पक्ष कोणता ते मी विचारलं नाही. विचारून काय करायचं, दुसराही उद्या आलाच असता.

वसंताला म्हटलं, भाऊच्या मृत्यूचा दाखला दे इकडं. तो म्हणाला, "राहू दे ना आत्या, आपलं काय जाते?" मी म्हटलं, तुझं काही जात नाही बाबा, ज्याचं जातं तो गेला. गुडघे धरत धरत तहसिलीत मी स्वतः गेले. तिथली मुलगी भली होती. म्हणाली, "आजी, लोक नाव घालाले धडपडतात, तुमी कापाले आल्या?" मी म्हटलं, हो, माझ्यासमोर काप. कागद पुढं जायला वेळ लागतो म्हणाली. मी म्हटलं, लागू दे, मी येत राहीन. दोनदा आणखी गेले. नाव गेलं.

परवा भाऊबीज झाली. सुनेनं पाट मांडला, रांगोळी काढली, ताट तयार केलं, आणि चांगल्या मनानंच म्हणाली, "सासूबाई, महादेवमामांच्या नावाची एक सुपारी ठेवू का पाटावर?" भाऊचा अडकित्ता वहिनीनं मला दिला आहे, तो पानाच्या डब्यात असतो. मी सुपारी तिच्या हातातून घेतली, कातरली आणि तोंडात टाकली. मग रिकाम्या पाटाला ओवाळलं.