दोन कंपन्या, एकच वायर

आधीच सांगून ठेवतो, माझा यंत्रांवर राग नाही. यंत्रं मला जिवापाड आवडतात. राग आहे तो यंत्रं गळ्यात मारून पुन्हा तोंड न दाखवणाऱ्यांवर. तो मी इथे सौम्य करून लिहिणार नाही. सौम्य लिहिणारे पुष्कळ आहेत, त्यांचं वाचा.

वाशीम जिल्ह्यातल्या शिरपुरात आमचं घर आतल्या गल्लीत आहे. घरात जे जे वायफायला जोडता येतं ते ते मी जोडलेलं आहे. विहिरीवरची मोटार मोबाईलवरून सुरू होते. दारावर कॅमेरा आहे, त्यात दिवसभर शेजाऱ्यांची बकरी दिसते. आणि एक बोलका स्पीकर आहे, त्याला सांगितलं की बैठकीतला दिवा बंद होतो. म्हणजे मी सांगितलं तर होतो. आई त्याला म्हणते, "लाइट बंद कर वं," आणि तो हिंदीतून क्षमा मागतो. एकदा मिरच्यांचे देठ खुडता खुडता ती म्हणाली, "माफी मांगते तं लय गोड. काम काई करत नाही. पुढारी हाये का थो?"

आईचं हे वाक्य मी पत्रकात वापरलं होतं. पत्रकं काढायची मला कॉलेजपासूनची सवय आहे. एसटीचा थांबा, पाण्याचा नळ, बंद पडलेलं एटीएम, सगळ्यांवर काढली. पण ज्या पत्रकाची मला आजही चीड येते ते वायरीचं.

त्याआधी बहिणीचं सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच येऊन पडलं.

माझी धाकटी बहीण मालेगावच्या कॉलेजात पदवी घेऊन घरी बसली होती. बाबांची अट साधी होती. नोकरी कर, पण बाहेरगावी राहायचं नाही. ही अट पाळून शिरपुरात कुठली नोकरी मिळते ते बाबांनी सांगितलं नाही, आणि त्यांना कोणी विचारलंही नाही. मग तिनेच शोधली. फ्रीज आणि वॉशिंग मशीनच्या तक्रारी फोनवर घ्यायच्या, घरून. ऑफिस पुण्याला, हेडफोन कुरियरने आला. मागच्या खोलीत धान्याच्या कोठीला पाठ लावून ती बसायची आणि असं काही शुद्ध बोलायची की पहिल्या दिवशी आई दारात येऊन मला कुजबुजत विचारत होती, "आत कोन बाई आली?"

आमच्या गल्लीत घराचा उंबरा न ओलांडता पगार घेणारी ती पहिलीच मुलगी. पगारापेक्षाही तिला वेगळीच चव लागली होती. दिवसभर अनोळखी माणसं तिचं ऐकून घेत होती. आमच्या घरात तोवर तिचं कोणी एवढं ऐकलं नव्हतं, मला धरून.

कंपनीची अट होती की घरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचं इंटरनेट पाहिजे. एक गेलं की दुसरं. चालू कामात लाइन तुटली की तिच्या नावापुढे खूण पडणार, आणि तिसऱ्या खुणेला काम बंद. रस्ता खोदताना जेसीबीने एक खूण दिली होती. दुसरी अशीच आली, कारण शेवटपर्यंत कळलं नाही. म्हणजे आता एकही उरली नव्हती.

दोन कंपन्यांची दोन कनेक्शनं मीच घेतली होती. दोन पांढरे डबे, दोन बिलं, आणि मध्ये एक असा राउटर की पहिली लाइन मेली की आपोआप दुसरीवर जाईल. मी एक प्लग उपटून पाहिला, बहिणीचा कॉल तुटला नाही. तो परत लावून दुसरा उपटून पाहिला, तरी नाही. ती खूश होती. पण दोन्ही प्लग माझ्या भिंतीवरचे होते. भिंतीपलीकडे काय आहे ते केबलवाला बघू देत नव्हता. दोन्ही कंपन्यांचं काम आमच्याकडे तोच बघायचा. विचारलं की म्हणायचा, "लाइनीचं आमच्यावर सोडा ना भाऊ. तुमी निस्ता पासवर्ड टाका."

गल्लीवरून आडवी जाणारी एक काळी वायर मात्र मला दिसत होती, आणि ती झोळीसारखी लोंबत होती. समोरच्या घराच्या अँगलपासून आमच्या खांबापर्यंत. हात वर केला तर बोट लागेल इतकी खाली. कोणीतरी तिच्यावर टॉवेलही वाळत घालून गेलं होतं. मी तक्रार केली. मोबाईलवर निरोप आला की आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे. वर पाहिलं, वायर तिथेच. पुन्हा तक्रार, पुन्हा निकाली. हे काय न्यायालय आहे की काय, न बघता निकाल द्यायला?

तेव्हा मी पत्रक काढलं: 'ही वायर आहे की दांडी?' बसस्टँडवर वाटलं, ग्रामपंचायतीच्या भिंतीवर चिकटवलं, एक केबलवाल्याच्या हातात दिलं. त्याने उभ्याउभ्या पूर्ण वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"लिवता मस्त तुमी. आमच्या दिवाळी ऑफरचं बी एक लिवून द्या ना."

या माणसाशी भांडायचं कसं, ते मला अजून कळलेलं नाही.

मग पोळा आला. आमच्याकडे मोठा पोळा मारोतीपाशी भरतो, पण गल्लीचा मान वेगळा. गल्लीच्या तोंडाशी आंब्याच्या पानांचं तोरण आडवं बांधायचं, त्याखाली बैल उभे करायचे, झडत्या म्हणजे खोड काढणारी गाणी म्हणायची, आणि मानकऱ्याने तोरण तोडलं की पोळा फुटला. मग बैल घरोघर ओवाळून घ्यायला सुटतात. म्हणजे तोरण तोडण्यासाठीच बांधलेलं असतं. हे नीट लक्षात घ्या.

सकाळी मी बाहेर आलो तर तोरण बांधून तयार. वायरीला.

आमच्या गल्लीचे मानकरी समोरचेच काका. ते बैलाच्या शिंगांना बेगड लावत बसले होते.

"काका, तोरन वायरले कायले बांधलं?"

"मंग कायले बांधू? आडवी हायेच ना थे. दरसाल वर चढा, दोरी ताना. यंदा कंपनीनं सोय करून देल्ली."

"तुटन ना ते."

"तोरन हाये बाप्पा. तुटाचंच असते."

"तोरन नाही, वायर तुटन! आत बहीन कामावर हाये."

"पोळ्याच्या दिवशी?" काकांनी हातातली बेगड खाली ठेवली. "कोन्त्या म्लेंच्छाची कंपनी हाये रे थे?"

सगळे हसले. एक जण म्हणाला, जाहिरातीत तर कंपनी म्हणते आमची लाइन तुटतच नाही, आज कळेल. मी शिडी आणायला निघालो तर आडवे आले. बांधलेलं तोरण पोळा फुटायच्या आधी उतरवणं अपशकुन. वाद वाढला तेव्हा काकांनीच मध्ये पडून शब्द दिला, "मी निस्ती पानं ओढतो. वायरले हात लावत नाही. झालं?"

मी केबलवाल्याला फोन लावला. वायर वर घे, आत्ताच्या आत्ता. तो म्हणाला, आज पोळा आहे, माणसं नाहीत. आणि उद्या? "उद्या पोळ्याची कर हाये. करीच्या दिवशी कोनी कामाले हात लावते का?"

दुपारनंतर बैल उभे राहिले. झडत्या सुरू झाल्या. झडतीत वर्षभराचा हिशेब चुकता होतो, ज्याची खोड काढायची त्याची काढतात. माझी वेळ आलीच. मागून एक आवाज चढला:

"डबा ठेवला कपाटावर,
वायर टांगली गल्लीवर,
दोन दोन बिलं भरून बी
भाऊ आमचा दारावर!
हर हर महादेव!"

मी खरंच दारावर उभा होतो, वायरीवर नजर ठेवून. आतून बहिणीचा आवाज येत होता. नाशिकच्या कुण्या बाईचं मशीन कपडे पिळत नव्हतं.

काकांनी शब्द पाळला, खोटं का बोलू. त्यांनी फक्त पानं धरली आणि ओढली. पण बांधणाऱ्याने सुतळीचे वायरीला चांगले वेढे देऊन गाठी मारल्या होत्या. सुतळी पक्की होती. ती तुटली नाही.

वायर तुटली. महादेवाचा गजर झाला, ढोल वाजले, पोळा फुटला.

मी आत धावलो. मला वाटलं होतं एका डब्यावर लाल दिवा असेल. दोन्हींवर होता. दोन वेगळ्या कंपन्या, दोन वेगळी नावं, दोन वेगळे रंग, आणि लाल दिवा एकाच क्षणी.

"हॅलो? हॅलो मॅडम?" बहीण म्हणत होती. मग हेडफोनचा एक कान सरकवून मला म्हणाली, "दादा, दुसरं चालू कर ना."

"दुसरंबी गेलं."

"असं कसं जाईन?"

मोबाईलचं नेट जोडून पाहिलं. अख्खं गाव बैलांचे व्हिडिओ लाइव्ह दाखवत होतं, टॉवर त्याच ओझ्याखाली बसला होता. पडद्यावर चकती फिरत राहिली. बहिणीला तिथेच सोडून मी कोपऱ्यावरच्या मोबाईलवाल्या चाचांकडे पळालो. माझं निम्मं घर त्यांच्याच दुकानातून आलेलं. त्यांच्याकडेही पैसे पाठवण्याच्या धंद्यासाठी दोन कनेक्शनं होती.

"चाचा, तुमचं चालू हाये का?"

"कायका चालू बेटा. दोनों पे लाल बत्ती है." मग ते थांबले. "दोनों पे कैसी?"

चाचांनी केबलवाल्याला फोन लावून स्पीकरवर टाकला आणि माझ्यापुढे धरला.

"वायर एकच हाये का दोघाईची?"

"वायर एकच हाये," तो म्हणाला. जराही अडखळला नाही. "पन कंपन्या दोन हायेत ना. बिलं दोन येतात ना."

"अरे पन एक तुटली की दोन्ही जाते!"

"तं जोडली की दोन्ही येतीन बी. थे नाही सांगत तुमी."

चाचांनी फोन बंद केला आणि एक शिवी दिली. उर्दूतली शिवी फार नेटकी असते, पण इथे छापता येणार नाही.

घरी आलो तर पुण्याची सुपरवायझर बहिणीच्या मोबाईलवर होती. आवाजावरून बहिणीच्याच वयाची. "सिस्टीमला दोन्ही लाइन एकदम डाउन दिसतायत. म्हणजे बॅकअप नव्हतंच तुमच्याकडे. खोटं सांगितलं होतं तुम्ही."

"खोटं नाही मॅडम. दोन्ही आहेत. ते पोळ्याचं तोरण..."

"कशाचं?"

बहिणीने फोन दुसऱ्या कानाला लावला. कसं सांगणार? बैल, आंब्याची पानं, सुतळीचे वेढे, केबलवाला. दिवसभर परक्यांच्या तक्रारी नीट समजून घेणारी पोरगी, तिला स्वतःची एक सांगता येईना. "कळवते," म्हणून तिकडून फोन ठेवला गेला.

काम गेलं तर गेलं, पण खोटारडी ठरली याने तिचा चेहरा उतरला होता. तेवढ्यात काका बैल घेऊन दारात आले. आई ताट घेऊन उभी. बहिणीने गळ्यात हेडफोन तसाच ठेवून बैलाला कुंकू लावलं, पुरणपोळी चारली. मला ते बघवेना. मी काकांवर तुटून पडलो. नको ते बोललो नाही, हवं तेच बोललो, पण मोठ्याने.

काकांनी कासरा हाताला गुंडाळला. "आमी दोरी समजून बांधलं, चुकलं. पन तुह्या दोन कंपन्या एका सुतळीनं गेल्या, त्याचा दोष माह्या बैलाले देतं का?"

याचं उत्तर ज्यांनी द्यायचं ते मालेगावच्या ऑफिसात बसतात, आणि तिथे गेलो तर एका पोराने माझ्यासमोर खुर्ची सरकवून दोन्ही कंपन्यांचं मिळून एक नवं पॅकेज दाखवलं. लिहून द्या म्हटलं, की लाइन वेगळी आहे. तो म्हणाला, "असं कोनीच लिहून देत नाही." करीनंतर वायर जोडली गेली. काळी पट्टी गुंडाळून, त्याच उंचीवर.

पुण्याहून निर्णय आला. बहिणीचं काम चांगलं आहे, ग्राहक तिला नावाजतात, पण तिचं ठिकाण भरवशाचं नाही. शहराच्या ठिकाणी आठवड्याभरात राहायला गेली तर तिसरी खूण पुसू, नाहीतर हेडफोन परत पाठवा. घरून काम, पण या घरून नाही.

त्या संध्याकाळी बाबा अंगणात बसले होते. बहीण समोर उभी राहिली. पहिल्यांदाच तिने त्यांनी आवाज चढवायची वाट पाहिली नाही. "मी खोटं बोलली नाही बाबा. अन् हे काम मी सोडत नाही."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग जणू आम्हीच इतके दिवस तिला अडवून धरलं होतं अशा सुरात म्हणाले, "मंग जाऊ द्या ना तिले. वाशीम काय परदेश हाये?"

वाशीमला एका मावशीच्या ओळखीने खोली मिळाली. मी आधी जाऊन खांबापर्यंत वायरी मोजल्या, हाताने चाचपून पाहिल्या, घरमालकाला वेड लागायची पाळी आणली. दोन होत्या. खरोखरच्या दोन.

निघायच्या दिवशी काका स्टँडवर आले. तिची पिशवी त्यांनीच उचलली होती, कोणाला देईनात. गाडी लागली तेव्हा त्यांनी ती खिडकीतून आत सरकवली आणि न राहवून विचारलंच.

"एक सांग पोरी. घरून काम हाये म्हनता, मंग घर सोडून कायले चालली?"

माझ्याकडे पानभर उत्तर तयार होतं. मी सुरुवातही केली. बहिणीने खिडकीतून हात बाहेर काढून मला गप्प केलं.

"काका," ती म्हणाली, "कंपनीले आपलं घर पसंत पडलं नाही."

काकांनी मान हलवली. हे त्यांना लगेच समजलं. कंडक्टरने दार ओढलं.